दीर्घ व्याधी, ग्रामसमाज आणि भाषा

दीर्घकाळ टिकणाऱ्या व्याधींचे निवारण हा मुख्यतः वैद्यकाचा विषय आहे. मग भाषेच्या अभ्यासकांनी त्यात का लक्ष घालावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक होय. त्याचे उत्तर असे की, अशा व्याधीशी सामना रुग्णालयात थोडा आणि घरात, शेतात, पाणवठ्यावर अधिक करावा लागतो. आणि तेथे औषधाच्या आधी शब्द पोहोचतो.

कुष्ठरोगाचेच उदाहरण घेऊ. सुश्रुतसंहितेत आठ दुश्चिकित्स्य व्याधींचा 'महागद' असा एक वर्ग सांगितला आहे. त्यात कुष्ठाबरोबर प्रमेह, मूळव्याध, मुतखडा यांचाही समावेश होतो. 'महागद' म्हणजेच महारोग. मराठीत मात्र 'महारोग' हा शब्द एकट्या कुष्ठाचा वाचक झाला. अर्थसंकोचाचे हे नमुनेदार उदाहरण आहे. परंतु अर्थ संकोचला तशी भीती दाटत गेली. 'रक्तपिती' या शब्दाची कथाही अशीच. संस्कृतातील 'रक्तपित्त' हा रक्तस्रावाचा विकार. मराठी लोकभाषेत तो शब्द कुष्ठाला चिकटला आणि शिवी म्हणूनही वापरात आला. ज्या व्याधीचे नाव शिवी होते, ती व्याधी रोगी लपवितो. कुष्ठाचा पहिला चट्टा बहुधा दुखत नाही, खाजत नाही; तो बधिर असतो. लपविलेल्या काळात मज्जातंतू निकामी होतात, चुलीचा चटका हाताला कळत नाही, आणि वेळीच औषध मिळते तर टळले असते ते व्यंग कायमचे येते.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे जो प्रकल्प सुरू केला, त्याचे महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. तेथे गावाने आपल्यातीलच एका स्त्रीची आरोग्यसेविका म्हणून निवड करावी, असा प्रघात पडला. यांपैकी अनेकजणी निरक्षर, अनेकजणी दलित समाजातील होत्या. त्या जामखेडला येऊन नियमाने शिकत, आणि शिकलेले गावात जाऊन शेतकरी मंडळांत व महिला मंडळांत सांगत. कुष्ठरुग्णांना वेगळे न काढता इतर रुग्णांबरोबरच त्यांची शुश्रूषा होऊ लागली. 'महारोग आहे काय?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळते. 'अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का?' असे शेजारणीने विचारले की बाई पदर सरकवून पाठ दाखविते. प्रश्नातील हा फरक केवळ शैलीचा नाही. त्यावर एखाद्याचा हात वाचणे अवलंबून असते.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा मांडावासा वाटतो. शासकीय भाषेत 'लोकांना आरोग्यसेवा पुरविण्यात येते' अशी रचना रूढ आहे. तीत लोक चतुर्थीत आहेत आणि कर्ता लुप्त आहे. 'लोकांनी तपासणी केली' असे म्हणताच लोक तृतीयेत येतात, म्हणजे कर्ते होतात. 'ना' आणि 'नी' या प्रत्ययांतील अंतर हेच सेवा आणि भागीदारी यांतील अंतर होय.

बहुविध औषधोपचारामुळे आज कुष्ठरोग सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचारांनी बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर त्याचे प्रमाण दर दहा हजारी एकाहून कमी झाले. तरी नवे रुग्ण अद्याप आढळतातच. मात्र रक्तदाब आणि मधुमेह यांची गोष्ट निराळी आहे. ते बहुधा 'बरे' होत नाहीत, आटोक्यात राहतात. बोलीत 'त्यांना बीपी आहे', 'शुगर आहे' असे म्हणतात. मोजमापाचे नाव व्याधीला मिळाले आहे. परिणामी, आकडा खाली आला की 'आता बीपी नाही' असा निष्कर्ष निघतो, आणि गोळी सोडली जाते. पक्षाघाताचा धोका येथेच वाढतो. दरमहा पाच मिनिटे भेटणाऱ्या डॉक्टरास हा अर्थभ्रम कळेलच असे नाही. दारावरून जाणाऱ्या सेविकेच्या कानी तो सहज पडतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आलेल्या 'आशा' या अभिधानात 'कार्यकर्ती' हा शब्द अंतर्भूत आहे. परंतु तिची गणना स्वयंसेविकेत होते आणि तिला वेतनाऐवजी कामागणिक मोबदला मिळतो. श्रम एकीचे आणि निर्णय दुसऱ्याचा, अशा व्यवस्थेस भागीदारी म्हणणे हाही एक अर्थभ्रमच होय.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी व्याधींच्या बोलीनामांचा संग्रह करावा, रुग्ण 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' यांत कसा भेद करतात ते टिपावे, आणि ती टिपणे प्राथमिक आरोग्य केंद्रास उपलब्ध करून द्यावीत. शब्दार्थविचाराचा याहून निकडीचा उपयोग क्वचितच सापडेल.