वाढत्या डुकराला लायसिन किती हवं?

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, "खाद्यात प्रथिनं १६ टक्के आहेत, तरी डुकरं वाढत का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. पण डुकराचं शरीर प्रथिनांची टक्केवारी बघत नाही. आतड्यात प्रथिनं फुटून अमिनो आम्लं होतात आणि त्यांतून मांस घडतं. त्यातलं गरजेचं एक जरी कमी पडलं, की काम तिथंच अडतं. बाकीची मग जाळली जातात, त्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. म्हणजे पेंडीचे पैसे गटारात!

मक्यावर वाढणाऱ्या डुकराला सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन. मक्यात ते जेमतेम ०.२५ टक्के. शेंगदाणा पेंड घातली की प्रथिनांचा आकडा छान दिसतो, पण लायसिनला तीही कमजोरच. सोयाबीन पेंडीत ते जवळपास ३ टक्के असतं. तेव्हा आधी पेंड कोणती, ते बघा.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २०१२ मध्ये दिलेला आकडा असा: २५ ते ५० किलोच्या डुकराच्या खाद्यात पचणारं लायसिन ०.९८ टक्के, १०० किलोच्या पुढं ०.६१. मोठं डुक्कर खातं जास्त, आणि त्याच्या वाढीत चरबीचा वाटा मोठा असतो, म्हणून टक्का उतरतो. लायसिन भरून काढलंत, की पुढची अडचण बहुधा थ्रिओनिनची.