वॉफल कुरकुरीत होतो तो वाफेमुळे

घरी केलेला वॉफल ताटात येईपर्यंत मऊ पडतो, ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की तिच्या भोवती काही समजुती पक्क्या होऊन बसल्या आहेत. तयार प्रीमिक्सशिवाय जमत नाही, सोडा थोडा जास्तच लागतो, अंडं नसेल तर नाद सोडावा, दुकानातलं मोठं यंत्र हवंच, अशा त्या समजुती. वरवर वेगळ्या वाटल्या तरी त्या सगळ्या एकच गोष्ट गृहीत धरतात : कुरकुरीतपणा हा पिठात घालण्याचा पदार्थ आहे आणि तो आपल्याकडे नाही. हे गृहीतच चुकीचं आहे. वॉफल बाहेरून कुरकुरीत आणि आतून हलका होतो तो पाण्यामुळे. पाणी किती आहे, त्याची वाफ किती वेगाने होते आणि ती वाफ शेवटी बाहेर पडते की आतच अडकते, यावर दोन्ही गुण ठरतात. वाफेचं हे शास्त्र मराठी स्वयंपाकघराला नवं नाही. घावनाला जाळी पडते ती वाफेनेच. शिवाय चकलीतलं मोहन, आंबोळीचं रात्रभर आंबवलेलं पीठ आणि बिडाचा तवा या तीन गोष्टींचं मर्म ज्या घराला कळतं, त्या घराला वॉफलचं बहुतेक सगळं आधीच कळलेलं असतं. पुण्यातल्या कसबा पेठेसारख्या वस्तीत तर धातू आणि उष्णता यांचं नातं जाणणारी तांबट आळी पेशवाईपासून नांदते आहे. त्या आळीचा वॉफलशी काय संबंध, ते पुढे येईलच.

आधी पाण्याचा हिशोब. वॉफलच्या सरसरीत पिठात वजनाने निम्म्याहून थोडं जास्त पाणीच असतं. ताकातलं, अंड्यातलं आणि थोडंफार मैद्यातलंही. तापलेल्या साच्यात पीठ पडलं की कडेच्या पाण्याची तत्काळ वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळच्या सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा लागते. ही वाफच पीठ फुगवते, सोड्याचे बुडबुडे तिला फक्त वाटा करून देतात. त्याच वेळी मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुलतो, अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि फुगलेला आकार टिकून राहतो. मग कडेचं पाणी पुरतं निघून गेलं की तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर चढतं आणि साधारण १४० अंशांपासून पुढे तो खमंग तांबूस रंग झपाट्याने धरायला लागतो. पाणी आहे तोवर हे होत नाही, कारण पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं आणि ओल असलेला भाग त्याच्या फारसा वर जात नाही. यावर कुणी विचारेल, की पाणी हाच अडथळा असेल तर पीठ घट्टच का भिजवू नये? तसं केलं तर फुगवणारी वाफच कमी पडते, स्टार्चही नीट फुलत नाही आणि हातात येतो तो जड, पावासारखा तुकडा. पाणी सुरुवातीला भरपूर हवं आणि शेवटी पृष्ठभागावरून गेलेलं हवं. घरच्या वॉफलचं जे बिघडतं, ते बहुतेक वेळा या दुसऱ्या भागात बिघडतं.

ते का बिघडतं, हे एका साध्या गणितात दिसतं. उकळीला आलेल्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल उष्णता लागते. समजा एका वॉफलमधून २० ग्रॅम पाणी घालवायचं आहे. त्याला साधारण ४५,००० ज्यूल लागतील. घरगुती लहान यंत्र ७५० वॉटचं असेल, तर त्याची सगळी उष्णता, थोडीही वाया न जाता, केवळ या वाफेसाठी वापरली तरी पुरतं एक मिनिट जातं. प्रत्यक्षात बरीच उष्णता पीठ तापवण्यात आणि आजूबाजूच्या हवेत जाते. म्हणून लहान यंत्रात पाच-सहा मिनिटं लागणं हा यंत्राचा दोष नाही. पण यंत्रावरचा हिरवा दिवा त्याआधीच लागतो आणि लोक झाकण उघडतात. इथे एक मोठा गैरसमज आहे. बहुतेक यंत्रांत तो दिवा एवढंच सांगतो की साचा ठरलेल्या तापमानाला पोचला आहे. आतल्या पिठाचं काय झालं, हे त्याला कळत नाही. खरी खूण वाफेची. कडेने जोरात निघणारी वाफ मंदावून जवळजवळ थांबली, की पृष्ठभाग कोरडा व्हायला लागलेला असतो. त्यानंतरही मिनिटभर थांबलं तर उत्तम. मधेच झाकण उचललं तर वरची बाजू वरच्या साच्याला आणि खालची खालच्या साच्याला चिकटून वॉफल दुभंगतो, कारण कड अजून ओली असते. तेव्हा जबरदस्ती करू नये, झाकण पुन्हा टेकवून वाट पाहावी.

मग दुकानातलं यंत्र सरस असतं हे खरं की नाही? खरं आहे, पण त्याचं कारण जाडजूड साचा. पातळ साच्यावर गार पीठ ओतलं की साचा एकदम निवतो, वाफ हळूहळू निघते आणि पीठ भाजण्याऐवजी शिजत राहतं. जाड साच्यात साठवलेली उष्णता पुष्कळ असते, त्यामुळे तो तितका निवत नाही. कोणत्या धातूचा साचा, हा प्रश्न इथेच येतो आणि उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेणारं तांबंच सगळ्यात चांगलं, असं कुणालाही वाटेल. तांबं बिडापेक्षा कैक पटींनी चांगलं उष्णतावाहक आहे, यात वाद नाही. पाणी तापवायचा बंब तांब्याचा असायचा, त्यामागे हाच गुण आहे. पण तांबट आळीत ठोके देऊन मठारलेलं तांब्याचं भांडं स्वयंपाकाला घ्यायचं तर आतून कल्हई लागते, कारण आंबट पदार्थ उघड्या तांब्याशी चालत नाहीत आणि वॉफलच्या पिठात तर ताकच असतं. कल्हई म्हणजे कथील आणि कथील २३२ अंशांना वितळतं. गॅसवर रिकामा तापत ठेवलेला साचा ती मर्यादा सहज ओलांडेल. बिडाला ही अडचण नाही. शिवाय तेवढ्याच जाडीचं बीड ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दीडपट उष्णता साठवतं. वॉफलचे साचे शतकानुशतकं लोखंडाचेच राहिले. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वॉर्थआउट यांनी १८६९ साली चुलीवर ठेवून उलटता येणाऱ्या ज्या साच्याचं पेटंट घेतलं, तोही याच परंपरेतला. तेल लावून नीट तापवलेल्या बिडाच्या आप्पेपात्रात आप्पे का सुटून येतात, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना गॅसवरच्या बिडाच्या साच्याची भीती वाटायचं कारण नाही. आणि विजेचं लहान यंत्र असेल, तर दिवा लागल्यावरही तीन-चार मिनिटं रिकामं तापू द्यावं, प्रत्येक वेळी पीठ थोडं कमी ओतावं आणि दोन वॉफलच्या मधे साच्याला पुन्हा तापायला सवड द्यावी. एवढ्याने पातळ साच्याची बरीचशी उणीव भरून निघते.

आता पिठाकडे वळू. जितकं फेटावं तितकं हलकं होतं, ही समजूत केकच्या लोणी-साखरेवरून आलेली असावी. तिथे ती खरीही आहे. मैदा पाण्यात पडल्यावर मात्र प्रत्येक फेऱ्यागणिक ग्लुटेनचे धागे लांबत आणि आवळत जातात. ते वाफेला फुगू देत नाहीत आणि वॉफल वातड होतो. कोरडं आणि ओलं एकत्र आलं की दहा-बारा वेळा हलकेच ढवळून थांबावं. बारीक गुठळ्या राहिल्या तरी दहा मिनिटांच्या विश्रांतीत त्या भिजून विरतात. याच कारणाने मैद्याचा पाचवा हिस्सा काढून तिथे कॉर्नफ्लोअर किंवा बारीक तांदळाचं पीठ घालावं. या दोन्हींत ग्लुटेन नसतं, त्यामुळे कड पातळ आणि ठिसूळ होते. निव्वळ तांदळाचं पीठ घेतलं तर मात्र आतला मऊपणा जातो आणि वॉफल धिरड्याच्या वळणावर जातो. स्निग्धाबद्दल मला थोडं आग्रहाने सांगायचं आहे. परदेशी कृतींत वितळवलेलं बटर असतं म्हणून आपणही ते घालतो. पण बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. ज्या पदार्थात सगळी लढाई पृष्ठभागावरचं पाणी घालवण्याची आहे, तिथे कोमट साजूक तूप बटरपेक्षा सरस ठरतं आणि स्वादातही कुठे कमी पडत नाही. नॉनस्टिक साचा आहे म्हणून पिठातलं तूप वाचवणं ही तर उलटी काटकसर आहे. ते तूप चिकटू नये म्हणून नसतंच. मोहनाशिवाय चकली कडक होते, त्याच कारणाने तुपाशिवाय वॉफल चिवट होतो.

सोड्याचं प्रकरण थोडक्यात संपतं. सोडा ताकातल्या आम्लाशी मिळून वायू सोडतो आणि आम्ल संपलं की उरलेला सोडा निव्वळ साबणासारखी चव देतो. एवढंच असतं तर चवीचा दोष म्हणून सोडून देता आलं असतं. पण शिल्लक सोड्यामुळे पीठ अल्कधर्मी होतं आणि अल्कधर्मी पीठ लवकर तांबूस होतं. म्हणजे आत ओल असतानाच वॉफल झाल्यासारखा दिसतो आणि आपण तो काढून घेतो. जास्त सोडा घातलेला वॉफल सर्वांत आधी सादळतो तो यामुळे. साखरेचंही तसंच आहे. जास्त साखर लवकर रंग धरते, शिवाय पाणी धरून ठेवते. इथे एक आक्षेप रास्त आहे : बेल्जियममधल्या लिएजचा वॉफल भरपूर साखरेचा असूनही कडकडीत असतो, तो कसा? त्यातली साखर मोठ्या, टणक खड्यांची असते आणि ती पिठात विरघळलेली नसते. साच्याला टेकलेले खडे वितळतात, त्यांचा पाक होतो आणि निवल्यावर तो काचेसारखा घट्ट बसतो. ते आवरण पाकाचं आहे, पिठाचं नाही. सरसरीत पिठात साखर वाढवून तसा परिणाम मिळणार नाही.

अंड्याशिवाय वॉफल होतच नाही, या समजुतीला पुण्यात विशेष वजन आहे, कारण कित्येक घरांत अंडं येतच नाही. अंड्याचं काम दोन प्रकारचं. बलकाने स्निग्धता येते, पांढऱ्या भागाने आकार टिकतो. पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळला तर आतली जाळी खरोखर सुरेख होते. पण आकार टिकवणारं अंडं हे एकमेव साधन नाही. ब्रसेल्सच्या धाटणीचा वॉफल यीस्टने आंबवतात आणि आंबवलेल्या पिठात बुडबुडे सावकाश, सगळीकडे सारखे तयार होतात. रात्रभर पीठ आंबवणं आंबोळी करणाऱ्या घराला कुणी शिकवायला नको. अंडं न घालता, यीस्ट घालून, दुधात किंवा पातळसर ताकात भिजवलेलं पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी उत्तम वॉफल होतात. पुण्याच्या उन्हाळ्यात ते ओट्यावर मात्र ठेवू नये, पहाटेपर्यंत आंबट होऊन बसेल. अंड्याचा वॉफल आतून जरा अधिक मऊसूत लागतो, हे मान्य करायला हवं. कुरकुरीतपणात मात्र बिनअंड्याचा उणा पडत नाही.

प्रमाण द्यायचं तर १६० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, पाव चमचा मीठ आणि दीड टेबलस्पून साखर एकत्र चाळून घ्यावी. ३०० मिलिलिटर दाटसर ताक, दोन अंडी आणि ७५ ग्रॅम कोमट तूप वेगळं एकत्र करावं. तूप गार ताकात पडलं तर गोठून त्याचे कण होतात, म्हणून ताक आणि अंडी आधी फ्रीजबाहेर काढून ठेवावीत. अंडी नको असतील तर ताक सत्तर-ऐंशी मिलिलिटरने वाढवावं. प्रीमिक्सच्या पाकिटातही मुख्यतः मैदा, साखर, स्टार्च आणि बेकिंग पावडरच असते. त्यातून मोजण्याचा वेळ वाचतो, कुरकुरीतपणा पाकिटातून येत नाही.

शेवटचा गैरसमज भाजून झाल्यानंतरचा आहे आणि आधीची सगळी मेहनत बहुधा तोच वाया घालवतो. पोळ्या जशा एकावर एक रचून डब्यात झाकून ठेवतो, तसेच वॉफलही ठेवले जातात. पोळी मऊ राहावी म्हणून तिची वाफ कोंडायची असते. वॉफलच्या आतल्या भागात अजून पुष्कळ ओल असते, ती बाहेर येत राहते आणि कोंडली की कोरड्या कडेतच शिरते. दुकानातला वॉफल खोक्यात घालून घरी आणला की मऊ होतो, त्याचं कारण हेच. म्हणून काढलेला वॉफल ताटात न ठेवता तारेच्या जाळीवर ठेवावा, म्हणजे खालूनही वारा लागतो. सगळ्यांना एकदम वाढायचे असतील तर ओव्हन शंभर अंशांवर ठेवून त्यात जाळीवरच सुटे मांडावेत. मध, पाक किंवा फळं पानात वाढल्यावरच वर घालावीत. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा इतकी दमट असते की जाळीवरचा वॉफलही पाऊण तासात मऊ पडू शकतो. त्या दिवसांत साच्यात मिनिटभर जास्त ठेवावा. उरलेले पूर्ण गार करून, सुटे सुटे फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि खायच्या वेळी टोस्टरमध्ये किंवा त्याच तापलेल्या साच्यात तीन-चार मिनिटं परत कोरडे करावेत. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नयेत, तो आतली ओल हलवून कडेपर्यंत आणतो आणि तिला तिथेच सोडून देतो.