बॅकअप आहे, पण तो परत चढतो का?

'बॅकअप रोज होतो, काळजी नको' हे वाक्य ऑफिसात नेहमी कानावर पडतं. बॅकअप घेतला म्हणजे डेटा सुरक्षित, हा वेबसेवांबद्दलचा फार महागात पडणारा गैरसमज आहे.

31 जानेवारी 2017 ची रात्र. प्रोग्रॅमर मंडळींचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीतला एक इंजिनियर रखडलेला दुय्यम डेटाबेस दुरुस्त करत होता. त्यासाठी तिथली डिरेक्टरी पुसायची होती. आदेश दिला, पण तो मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने तो थांबवला, तोवर सुमारे 300 जीबींपैकी साडेचार जीबीच उरले होते.

मग बॅकअप शोधले, तर जागा रिकामी! डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन 9.2 चं, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तशा सूचनेचे ईमेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. कुणाला पत्ताच नाही. शेवटी कामी आली ती चाचणीसाठी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत. त्यानंतरच्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

'दुसरा सर्व्हर जोडलेला आहे ना, मग बॅकअप कशाला?' असंही विचारतात. तो सर्व्हर मुख्य डेटाबेसातला प्रत्येक बदल उतरवून घेतो, खोडलेलंसुद्धा. मशीन बंद पडलं तर तो तारतो; चुकून पुसलेली नोंद मात्र त्याच्याकडूनही क्षणात पुसली जाते.

क्लाऊडवर ठेवलं की चिंता मिटली, असंही नाही. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचा डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते.

राहिला प्रश्न दोषाचा. 'त्या इंजिनियरला काढून टाका' ही पहिली प्रतिक्रिया असते, आणि मला ती घातक वाटते. गिटलॅबने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सगळ्या चुका जाहीर लिहिल्या, म्हणून तर आज ईमेलचा तो तपशील आपल्याला कळतो. नोकरी जाण्याची भीती असती, तर असा तपशील दडपला गेला असता.

तुमच्या ऑफिसात उद्या एवढंच विचारा: शेवटचा बॅकअप रिकाम्या मशीनवर चढवून कुणी, कधी पाहिला, आणि त्याला किती तास लागले?