सुहार्तोंच्या शेजारी गुस दूर

इंडोनेशियाचे अध्यक्ष प्रबोवो सुबिआंतो यांनी १० नोव्हेंबर २०२५ रोजी दहा जणांना ‘राष्ट्रीय वीर’ ठरवलं आणि सगळे मथळे सुहार्तोंनी खाल्ले. बत्तीस वर्षं हुकूमशाही गाजवलेल्या सासऱ्याचा, माजी का होईना, जावयाच्या हातून सन्मान. मग दुसरं काय होणार? पण पंगत अजब होती. सुहार्तोंच्याच राजवटीत १९९३ साली जिचा खून झाला ती कामगार कार्यकर्ती मार्सिना याच यादीत आहे. आणि अब्दुर्रहमान वाहिदही. त्यांना सारा देश ‘गुस दूर’ म्हणतो.

जन्म १९४० चा, पूर्व जावातल्या जोंबांगचा. आजोबा हाशिम अशअरी म्हणजे ‘नहदतुल उलमा’ या बलाढ्य उलेमा संघटनेचे १९२६ मधले संस्थापक. वडील धर्मखात्याचे मंत्री. नातवाला कैरोच्या अल-अझहरला धाडलं, तर घरच्या मदरशात जे शिकून झालं तेच तिथे पुन्हा शिकवतात म्हणून तो वैतागला. वर्गापेक्षा ग्रंथालयं, सिनेमा आणि फुटबॉलमध्येच अधिक रमला. पदवी न घेताच बगदादला गेला. पुढे हा मौलवी वर्तमानपत्रांत फुटबॉलवरही झोकात लिहायचा.

त्यांच्या विनोदांवर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. खरी करामत मात्र १९८४ ची. त्या वर्षी सितुबोंदोच्या अधिवेशनात गुस दूर नहदतुलचे अध्यक्ष झाले आणि संघटना पक्षीय राजकारणातून बाहेर पडली. ज्याला वाटेल त्याने वाटेल त्या पक्षाला मत द्यावं, संघटना कुणाच्या दावणीला बांधली जाणार नाही. परिणाम लगेच दिसला. मुस्लिम पक्ष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीपीपीची मतं १९८२ मध्ये सुमारे २८ टक्के होती, ती १९८७ मध्ये १६ वर आली. यात सुहार्तोंचा फायदा झाला, ही टीका खोटी नव्हती. पण १९९१ मध्ये ‘लोकशाही मंच’ उभारून याच माणसाने त्यांची झोपही उडवली.

आणि मग १९९८ मध्ये, सुहार्तो जाताच, गुस दूर यांनी स्वतःच पीकेबी हा पक्ष काढला! राजकारणातून उलेमांना बाहेर काढणाराच पुन्हा आत शिरला. सदस्यत्व सर्वधर्मीयांना खुलं होतं, हे खरं. मतं मात्र नहदतुलच्याच घरची. संसदेतल्या पाचशेपैकी जेमतेम ५१ जागा पदरात असताना ते १९९९ मध्ये, संसदेहून मोठ्या लोकसल्लागार सभेत, ३७३ विरुद्ध ३१३ मतांनी प्रतिस्पर्धी मेगावतींना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले. दोन पक्षाघात होऊन गेलेले, दृष्टी जवळपास गेलेली. कागदपत्रं दुसऱ्यांनी वाचून दाखवायची.

कारभार? सावळागोंधळच. मंत्री आज आहे, उद्या नाही. चरित्रकार ग्रेग बार्टन त्यांच्या अगदी जवळ वावरलेले आणि त्यांचे चाहते, तरी हा पसारा त्यांनाही झाकता आलेला नाही. पण त्याच एकवीस महिन्यांत एक सही अशी झाली की बाकीचं बरंच माफ करावं. सुहार्तोंनी १९६७ मध्ये चिनी सण-रिवाज चार भिंतींआड कोंडले होते; २००० सालच्या सहाव्या अध्यक्षीय आदेशाने ते बंधन उठलं. ढोलांच्या तालावर सिंहनृत्य पुन्हा रस्त्यावर आलं. बंदी घालणारा आणि उठवणारा, दोघेही आता सरकारी वीर.

२३ जुलै २००१ रोजी, पीकेबीच्या तिसऱ्या वर्धापनदिनीच, लोकसल्लागार सभेने ठराव करून त्यांना पदावरून काढलं. पहाटे संसद गोठवण्याचा हुकूम त्यांनी काढला. लष्कराने तो मानला नाही. संध्याकाळी ते राजवाड्याच्या ओसरीवर हाफपँट आणि टी-शर्टात आले आणि समर्थकांना हात हलवून गेले. ३० डिसेंबर २००९ रोजी ते वारले.

बडतर्फीचा तो ठराव सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच सभेच्या अधिवेशनात निष्प्रभ ठरवण्यात आला. तिथेच एका जुन्या भ्रष्टाचारविरोधी ठरावातून सुहार्तोंचं नावही वगळलं गेलं. म्हणजे ही जोडी प्रबोवोंच्या यादीत पहिल्यांदा जमलेली नाही. वर्षभर आधीच दोघांच्या पाट्या एकाच फडक्याने पुसल्या गेल्या होत्या.