समुद्राला जायचंय? आधी वही घ्या!

परीक्षा संपतात, पत्रे तापायला लागतात आणि आपल्याकडे घराघरांत एकच विषय निघतो. "या वर्षी कोकण करू या. पार गोव्यापर्यंत जाऊन येऊ, गाडी आहेच की!" लगेच गाडीचं सर्व्हिसिंग होतं, चाकांत हवा भरली जाते, कोणत्या रस्त्यानं जायचं यावर ओट्यापर्यंत ऐकू येईल अशी चर्चा होते. आणि मग कुणीतरी सहज म्हणतं, "बाकीचं तू बघ गं."

हे 'बाकीचं' म्हणजे काय, ते आपल्यालाच ठाऊक! सासूबाईंच्या गोळ्या, सहा माणसांचे कपडे, वाटेतल्या खाण्याचे डबे, दूधवाल्याला निरोप, तुळशीला पाणी घालायला शेजारणीला किल्ली. मुक्कामाला पोचल्यावर सगळे गादीवर आडवे होतात आणि पिशव्या उघडायला बसते ती घरातली बाई. परत आल्यावर आठ दिवस वाळूचे कपडे धूत राहते तीही तीच.

मैत्रिणींनो, यात कुणाचा स्वभाव वाईट असतो असं नाही. रस्ता एकानं ठरवायचा आणि बाकीचं दुसरीनं निस्तरायचं, अशी आखणीच असते. म्हणून या वर्षी गाडीच्या किल्लीआधी वही हातात घ्या. कोण किती दमणार, कुणाला विसावा मिळणार आणि सगळे सुखरूप परतणार का, हे बरंचसं त्या वहीतच ठरतं.

निघायचं कधी?

वहीच्या पहिल्या पानावर तारखा. समुद्राचंही एक वेळापत्रक असतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद ठेवतात. म्हणजे २७ मेला मालवणला पोचलात, तर सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरूनच बघायचा. आणि पाऊसही आता तारखा पाळत नाही. २०२५ साली मॉन्सून २५ मेलाच कोकणात येऊन दाखल झाला होता. त्यामुळे निकाल लागला की निघावं आणि २० मेच्या आत घरी परतावं, हे उत्तम.

किती पळायचं?

'एवढं लांब आलोच आहोत तर' हे सहलीतलं सगळ्यात महागडं वाक्य! त्यापायी गोव्याच्या पुढे कारवार, कारवारच्या पुढे गोकर्ण, मुर्डेश्वर असं करत सगळी सुट्टी गाडीच्या काचेतून बघून होते.

संभाजीनगरहून पुणेमार्गे कोल्हापूर साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे. पहिला दिवस तिथेच संपवावा. पुण्याची गर्दी नको असेल तर अहिल्यानगरहून दौंड, बारामती, फलटण करत साताऱ्याला निघता येतं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून मालवण. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये घाट. गगनबावड्याकडून करूळ घाट किंवा राधानगरीकडून फोंडा घाट. दुरुस्तीसाठी किंवा दरड आल्यानं घाट बंद असू शकतो, तेव्हा सकाळी निघण्याआधी कोल्हापुरातच चौकशी करावी. घाट उजेडी उतरायचा, हे वहीत लाल पेनानं लिहा.

दहा दिवस असतील तर कोल्हापुरात एक रात्र, मालवणला तीन, वेंगुर्ल्याला दोन, पणजीला दोन, आणि येताना सावंतवाडी, आंबोली घाट, आजरा करत पुन्हा कोल्हापुरात एक रात्र. सातच दिवस असतील तर गोवा सोडा आणि वेंगुर्ल्याची एक रात्र कमी करा. मालवणच्या तीन रात्रींना मात्र हात लावू नका. एका जागी तीन रात्री म्हणजे दोन सकाळी अशा, की ज्या दिवशी बॅगा भरायच्या नाहीत. हीच आपली खरी सुट्टी!

आणि मालवणला बघायला काय कमी आहे? शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, त्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर, चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. जवळच तारकर्ली, आणि कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबाग. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत पर्यटकांना कांदळवन दाखवत आल्या आहेत. आधी चौकशी करून वेळ ठरवा आणि मुलींना आवर्जून न्या. तिथून जवळच शिरोडं. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथेच, आणि वि. स. खांडेकर शिक्षक होते तेही त्याच गावी.

गाडीतले न बोललेले प्रश्न

प्रवासात बायका पाणी कमी पितात. कारण सांगायला नको. पण मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना पाणी न पिणं म्हणजे लघवीच्या जळजळीला आणि चक्करला आमंत्रण. म्हणून दर दोन तासांनी थांबायचं, हे निघण्याआधीच सगळ्यांसमोर ठरवा. मोठा पेट्रोल पंप किंवा चांगलं हॉटेल बघून थांबा. नेवासा फाट्यापासूनच ही सवय लावली की पुढे कुणी कुरकुरत नाही. पर्समध्ये कागदी साबण, टिश्यू, पॅड आणि वापरलेले पॅड गुंडाळायला जुने कागद असू द्या. अंबाबाईच्या दर्शनासाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी मैत्रिणीनं सांगितली म्हणून घेऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आपल्याकडचं ऊन कोरडं. कोकणात पारा आपल्यापेक्षा खाली असतो, पण हवा दमट. घाम वाळत नाही आणि अंग आतून तापत राहतं. बीपी, शुगरची माणसं बरोबर असतील तर अकरा ते चार सावलीत बसायचं. ओआरएसची पाकिटं आणि गोळ्यांची पिशवी डिकीत नको, हाताशी हवी. उभ्या गाडीतली गरमी औषधांनाही सोसत नाही.

घाटात मुलांना गाडी लागते. निघताना पोट भरून पोहे चारू नका, थोडं कोरडं खायला द्या आणि मोबाइल काढून घ्या. आणखी एक झोप जपायची, ती गाडी चालवणाऱ्याची. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही रात्री नीट खोली मिळाली पाहिजे. तुम्हाला गाडी येत असेल तर लायसन्स बरोबर घ्या आणि सरळ रस्त्यावर तासभर स्टेअरिंग मागून घ्या. आपला हक्कच आहे तो!

नाथसागराला भरती नसते

हे पान जरा सावकाश वाचा. आपण मराठवाड्यातली माणसं. आपला सागर म्हणजे पैठणचा नाथसागर. त्याला भरती नाही, ओहोटी नाही. त्यामुळे समुद्र दिसला की आपण थेट धावत सुटतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. घरची माणसं त्यांचीही वाट बघत होती.

भरतीचा अंदाज आपल्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरून बांधता येतो. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी, बाराच्या आसपास, ओहोटी. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. वद्य पक्षातही तिथी तशाच मोजायच्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरानं ओसरतं. अष्टमीच्या सुमाराला त्याचा जोर कमी. हा झाला अंदाज, तासभर इकडेतिकडे होऊ शकतं. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचंच.

ओहोटी लागली की पाण्यातून बाहेर. नदी किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे पोहायचं नाही. आणि एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, गडद दिसतंय, तर मुलांना तिथेच न्यावंसं वाटतं. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी अशाच पट्ट्यातून जोरानं आत परतत असतं. त्या ओढीत कुणी सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, जमल्यास किनाऱ्याला समांतर आडवं पोहत बाहेर यायचं. वाचवायला एकामागोमाग एक उड्या टाकू नका. दोर, रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगतं ते फेका, जीवरक्षकाला हाक मारा, ११२ ला फोन करा.

गोव्याच्या मोठ्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरावं, नुसता लाल झेंडा असेल तर उतरू नये. अंधार पडू लागला की पाणी सोडायचं. आणि आपण स्वतः? भिजलेली साडी, ओढणी, सलवार जड होते आणि पायात अडकते. गुडघ्याखालचं पाणी पुरे. पोहताना गैरसोय होणार नाही असे कपडे घालायला लाजू नका. बोटीत बसताना प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, त्याचे बंद बांधलेले, तरच बोट सुटू द्यायची. "एवढ्याशा अंतराला कशाला?" असं कुणी म्हटलं तर खुशाल वाईटपणा घ्या.

ओट्याला सुट्टी

धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी घ्या, पण पहिल्या दिवसापुरती. गॅसची शेगडी, कुकर, पिठाचा डबा घरीच राहू द्या. मालवण-वेंगुर्ल्याकडे घरगुती निवास पुष्कळ आहेत. खोली ठरवतानाच जेवणाचं विचारा. घावणे, आंबोळी, काजूची उसळ, सोलकढी असं शाकाहारी ताट मिळतं. माशाचं जेवण वेगळ्या भांड्यांत होतं का, सासूबाईंच्या एकादशीला काय मिळेल, तळमजल्यावर खोली आणि कमोड आहे का, हे फोनवरच स्पष्ट करून घ्या. यात कसला आलाय संकोच!

पैशांच्या पानावर डिझेल, टोल, मुक्काम, जेवण, होडी अशी ओळ पाडा आणि एक रक्कम अडीनडीसाठी बाजूला काढा. ती तुमच्या पर्समध्ये राहू द्या. हापूस, काजू, आगळ, सावंतवाडीची लाकडी खेळणी यांची खरेदी परतीच्या वाटेवर.

वहीचं शेवटचं पान

या पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि नावापुढे एक काम. पाण्याच्या बाटल्या भरणं मुलाकडे, औषधांच्या वेळा मुलीकडे, रोजचा हिशेब सासऱ्यांकडे, बॅगा उचलणं-ठेवणं आणि ओले कपडे वाळत घालणं यजमानांकडे. आपल्या नावापुढे लिहा : रोज संध्याकाळी एक तास समुद्राकाठी, एकटीनं किंवा हव्या त्या माणसाबरोबर, काही न करता बसणं. मग ही वही सगळ्यांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मगच गाडीची टाकी फुल करायला सांगा.