गोंगाट-निवारक हेडफोन

गोंगाट-निवारक हेडफोन हे सभोवतालचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने क्षीण करणारे श्रवणसाधन आहे. बाजारात ते ‘नॉइज कॅन्सलिंग हेडफोन’ या नावाने ओळखले जाते.

इतिहास

या तत्त्वाचे अमेरिकी पेटंट जर्मन संशोधक पॉल लूग यांना १९३६ मध्ये मिळाले. १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीमुळे संगीत नीट ऐकू न आल्याने अमर बोस यांनी या प्रश्नावर काम सुरू केले. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी असा हेडसेट विक्रीस आणला.

कार्यपद्धती

मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि हेडफोन त्याच्या विरुद्ध कलेची ध्वनिलहर निर्माण करतो. दोन्ही लहरी परस्परांना क्षीण करतात. बसचे इंजिन किंवा पंखा यांच्या सलग, कमी वारंवारतेच्या आवाजावर ही पद्धत विशेष प्रभावी ठरते. बोलणे, हॉर्न यांसारखे अधिक वारंवारतेचे आवाज मुख्यतः कानावरील गादी अडवते.

मूल्यमापन

वापराचे ठिकाण हा पहिला निकष होय. रोज एस.टी.ने प्रवास करणाऱ्यास याचा लाभ अधिक होतो. शांत खोलीत अभ्यास करणाऱ्यास घट्ट बसणारा साधा हेडफोनही पुरतो. बिनतारी प्रकारात बॅटरीची क्षमता कालांतराने घटते. त्यामुळे बॅटरी बदलण्याची व तार जोडण्याची सोय किमतीइतकीच महत्त्वाची असते.

सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीचे श्रवण आठवड्यास ४० तासांपर्यंत सुरक्षित मानले जाते. गोंगाट घटल्याने कमी आवाजात ऐकणे शक्य होते. मात्र रस्त्यावर वाहनांची चाहूल न लागण्याचा धोका असतो. कारखान्यातील प्रमाणित कर्णरक्षकांना हे हेडफोन पर्याय ठरत नाहीत.