रोड बाइक घेताय? गिअरच्या स्टिकरआधी क्रँकसेट बघा

रोड बाइकच्या जाहिरातीत दोन आकडे ठळक असतात: वजन किती आणि गिअर किती. सोबत 'शिमानो गिअर' अशी एक ओळ. पण पायातली सगळी ताकद ज्या भागातून चाकापर्यंत पोहोचते, त्याचं नाव बहुतेकदा खाली, बारीक अक्षरांत असतं. तो भाग म्हणजे क्रँकसेट.

यवतमाळ जिल्ह्यात सायकल चालवायची असेल, तर ही बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. पुसद, महागाव, उमरखेडकडे चढ-उतार आहेत, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आहे आणि रोड बाइकचा एखादा खास सुटा भाग लागला, तर नागपूर गाठावं लागू शकतं.

क्रँकसेट म्हणजे नेमकं काय?

पायडल ज्यांना लागतात ते दोन दांडे म्हणजे क्रँक आर्म. उजव्या दांड्याला पुढची दातेरी चक्रं, म्हणजे चेनरिंग. सायकलच्या दुकानात याला 'चेनव्हील' म्हणतात. दोन्ही दांड्यांना जोडणारा एक्सल फ्रेमच्या तळाशी ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, ते बॉटम ब्रॅकेट, म्हणजेच 'बीबी'.

घरातल्या जुन्या काळ्या सायकलीत हे दांडे कॉटर पिन ठोकून बसवलेले असायचे. पिन झिजली की प्रत्येक फेरीला 'खट्' असा आवाज यायचा. रोड बाइकमध्ये पिन नसते, पण प्रश्न तोच असतो: दांडा एक्सलला किती घट्ट बसलाय?

मिनिटाला ८० फेऱ्या या वेगाने तासाभरात क्रँक ४,८०० वेळा फिरतो. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये लोकप्रिय असलेली २०० किलोमीटरची ब्रेव्हे राइड १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायची असते. कुणी ती दहा तास पायडल मारून संपवली, तरी ४८ हजार फेऱ्या होतात. जोडणीतला छोटासा ढिलेपणाही मग छोटा राहत नाही.

'शिमानो' लिहिलंय, मग झालं ना?

नाही. शिमानोच्या रोड बाइक संचांमध्ये क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशा चढत्या पायऱ्या आहेत. पण जाहिरातीत 'क्लॅरिस' लिहिलं असलं तरी अनेकदा गिअर बदलणारे भागच क्लॅरिसचे असतात. किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी क्रँकसेट दुसराच बसवलेला असतो. यात लपवाछपवी नसते, कारण तपशिलाच्या यादीत ते लिहिलेलं असतं. फक्त ती यादी वाचावी लागते.

उदाहरणार्थ, क्लॅरिसचा एफसी-आर२००० आणि शिमानोचाच एफसी-आरएस२००. दोन्ही आठ स्पीडचे आणि दिसायला जवळपास सारखे. पण पहिल्यात २४ मिलिमीटर जाडीचा एक्सल उजव्या दांड्यालाच पक्का जोडलेला असतो. दुसऱ्यात चौकोनी टोकाच्या एक्सलवर दोन्ही दांडे बोल्टने आवळलेले असतात.

मग चौकोनी एक्सल वाईट का?

तसंही नाही. त्याचं सीलबंद बीबी स्वस्त असतं आणि धूळ-चिखलातही चांगलं टिकतं. त्याचा धोका एकच. बोल्ट ढिला असताना सायकल चालवली, तर ॲल्युमिनियमच्या दांड्यातलं चौकोनी भोक गोलसर होतं. मग कितीही आवळा, दांडा पुन्हा सुटतो आणि नवाच घ्यावा लागतो.

जाड एक्सलचा क्रँक जास्त ताठ असतो, जोर लावल्यावर कमी वाकतो आणि खोलायलाही सोपा असतो. मात्र त्याची बेअरिंग बहुतेकदा फ्रेमच्या बाहेर असतात, त्यामुळे चिखल-पाण्याचा मार त्यांना जास्त बसतो. नंतर क्रँक बदलू, असं ठरवत असाल तर बीबीचाही खर्च धरा. चौकोनी एक्सलचं बीबी जाड एक्सलला चालत नाही.

दाते किती हवेत?

रोड बाइकवर ५३-३९, ५२-३६ आणि ५०-३४ या जोड्या जास्त दिसतात. पहिला आकडा मोठ्या चेनरिंगच्या दात्यांचा, दुसरा लहान चेनरिंगच्या.

मागे २८ दात्यांचं चक्र असेल आणि मिनिटाला ८० फेऱ्या होत असतील, तर ३९ दात्यांवर वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर होतो आणि ३४ दात्यांवर सुमारे १२. म्हणजे चढावर वेग ताशी १२ वर आला, तरी ३४ दात्यांवर पाय त्याच लयीत फिरतात. ३९ दात्यांवर लय तुटते आणि भार गुडघ्यांवर येतो. उलट सपाट रस्त्यावर ५०-११ या गिअरमध्येही ताशी ४५ किलोमीटरचा वेग गाठता येतो. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी ५०-३४ पुरेसा आहे.

दांड्याची लांबीही बघा. १६५, १७० किंवा १७२.५ असा मिलिमीटरमधला आकडा सहसा दांड्याच्या आतल्या बाजूला असतो. उंची कमी असेल तर लहान दांडा सोयीचा पडतो.

दुकानात पाच मिनिटांत काय तपासाल?

१. पायडल नाही, क्रँकचा दांडा धरा आणि आत-बाहेर हलवा. जराही 'प्ले' जाणवता कामा नये.

२. चेन उतरवून क्रँक फिरवा. खरखर जाणवली तर बेअरिंगमध्ये गडबड आहे.

३. फिरणाऱ्या चेनरिंगकडे वरून बघा. ती डावी-उजवीकडे डुलत असेल तर वाकलेली आहे.

४. चेनरिंग बोल्टने बसवली आहे की रिव्हेटने? बोल्ट असतील तर दाते झिजल्यावर फक्त रिंग बदलता येते. रिव्हेट असेल तर बहुतेकदा अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो.

५. वापरलेली सायकल असेल तर पायडल काढायला सांगा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. कुणी ते जबरदस्तीने चुकीच्या दिशेने फिरवले असतील, तर दांड्यातले आटे गेलेले असतात.

महागडा सेकंड-हँड क्रँक सुरक्षितच असतो का?

सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने अमेरिका आणि कॅनडात सुमारे ७ लाख ६० हजार क्रँकसेट तपासणीसाठी परत बोलावले. ते स्वस्त नव्हते. अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या वरच्या पायऱ्यांचे, जुलै २०१९ च्या आधी बनलेले ११ स्पीडचे क्रँक होते. त्यांचा दांडा दोन भाग चिकटवून बनवला जातो आणि हे भाग सुटे होण्याच्या ४,५०० हून अधिक घटना कंपनीकडे नोंदवल्या गेल्या होत्या. सहा जण जखमी झाले होते. उत्तर अमेरिकेबाहेरही कंपनीने तपासणी जाहीर केली.

अशा सायकली सेकंड-हँड बाजारात येत राहतात. त्यामुळे 'अल्टेग्रा आहे, स्वस्तात मिळतेय' असं कुणी म्हणालं, तर दांड्याच्या आतल्या बाजूचं मॉडेल आणि दोन अक्षरी उत्पादन कोड टिपून घ्या आणि शिमानोच्या यादीशी जुळवून बघा. दांड्याच्या जोडावर भेग किंवा फट दिसली, तर ती सायकल चालवून बघण्याच्याही फंदात पडू नका.

थोडक्यात

चांगला क्रँकसेट म्हणजे सर्वात हलका किंवा महाग क्रँकसेट नव्हे. जो पक्का बसलाय, ज्याचे दाते तुमच्या चढाला साजेसे आहेत आणि ज्याचं बीबी व चेनरिंग तुमच्या मेकॅनिकला मिळतं आणि बदलता येतं, तो तुमच्यासाठी चांगला. म्हणून पैसे देण्याआधी मेकॅनिकला एक प्रश्न विचारा: 'याचं बीबी गेलं, तर तुमच्याकडे मिळेल का?'